एकशे पंचवीस

कुसुमताईंनी नारायणगुड्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. आता काचीगुड्यात त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहते. बाईंचा जीव गागारिनवर. दर बारा एप्रिलला तीच गोष्ट. पहिलाच माणूस अंतराळात जाणार, तिथं त्याचं डोकं फिरलं तर, म्हणून यान हाताने चालवायची सोय कुलूपबंद केली होती. कुलपाचा आकडा बंद पाकिटात. पण उड्डाणाआधीच त्याच्या माणसांनी तो त्याला गुपचूप सांगून टाकला.

"एकशे पंचवीस," बाई फळ्यावर लिहायच्या. "का सांगितला? आपल्या माणसावर भरवसा असतो, म्हणून."

तीन वर्षांपूर्वी बाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग रस्ता. एकदा हिमायतनगरच्या चौकात अनवाणी सापडल्या. तेव्हा मुलगा विकास पुण्याहून आला आणि जाळीच्या दाराला आतून नंबरचं कुलूप लावून गेला. नंबर ठेवला त्याच्या वडिलांनी, केशवरावांनी.

तरी बाई निघायच्याच. मी जिन्यात गाठून वर न्यायची. शेवटी वैतागून विचारलं, "काका, नंबर कोणता ठेवलाय?"

"एकशे पंचवीस."

"मग कुलूप लावलं कशाला?"

"विकासच्या समाधानाला. रोज उघडते ती. अजून याद आहे तिला."

मी कपाळावर हात मारला. विकासला कळवलं, तर त्यानं फोनवर वडिलांना चांगलंच झापलं. "नाना, नंबर बदला म्हणलो ना. आई गाडीखाली आली म्हणजे?" त्याचं काही चूक नव्हतं. केशवराव "हौ, हौ" म्हणाले आणि नंबर तोच ठेवला.

यंदाच्या बारा एप्रिलला मी पेढे घेऊन वर गेले. बाई जाळीमागे कुलपाशी उभ्या होत्या. सात, चार, शून्य. पुन्हा सात. मागे केशवराव, नुसते ओठ हलवत. मग त्यांना राहवेना. बाईंच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "कुसुम, एकशे पंचवीस."

बाईंनी वळून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "एकशे पंचवीस काय, साहेब?"

केशवराव माझ्यादेखत रडले. मीही रडले. पेढे हातातच राहिले.

आता ते दार सताड उघडं असतं. बाई उंबरा ओलांडत नाहीत. केशवराव रोज संध्याकाळी त्यांच्या चपला दाराशी मांडून खुर्ची टाकून बसतात. बायको पळून जावी म्हणून वाट बघणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.