माप घेऊन शिवलेली गाणी

शकूताई पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या त्या हातात कात्री घेऊन. गारखेड्यात त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं आणि वरची खोली आम्ही तिघांनी तालमीसाठी भाड्याने घेतली होती. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि गिटार वाजवतो. फिरोज वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, तो तबल्यावर. वैशाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि आमच्याकडे गाते. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमायचो आणि मी लिहिलेली प्रेमगीतं जोरजोरात म्हणायचो. त्यामुळे दारात कात्री दिसल्यावर वैशाली गाता गाता थांबली.

"आवाजाबद्दल काय म्हणणं नाय," शकूताई म्हणाल्या. "मशीनीच्या आवाजात मला कळत बी नाय. पण ते चांदण्यात भिजलेली ती कोण हाय?"

मी म्हणालो, अशी कुणी नाही, कल्पना आहे.

"तुमच्यापैकी कुणी चांदण्यात भिजलंय का कधी?"

कुणीच भिजलं नव्हतं. फिरोज म्हणाला, "ताई, मैं तो एक बार नल के पाइप के नीचे भीगा था."

"मग त्याचं गाणं करा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या, या वेळी चहाचा थर्मास घेऊन, आणि बसून राहिल्या. त्यानंतर त्या दर शनिवारी यायला लागल्या. पंचावन्नच्या आसपास वय, गळ्यात माप घ्यायची टेप, कानामागे खडू. सिल्लोडच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन शहरात आल्या, नवरा लवकर गेला आणि मशीनवर बसून त्यांनी मुलीला इंजिनिअर केलं. फिरोजने एकदा त्यांना त्यांच्या प्रेमाबद्दल विचारलं होतं. "नवरा चांगला होता, लवकर गेला," त्या म्हणाल्या. "दोन ओळीचं गाणं हाय. त्याला चाल कशाला लावायची?" आणि वैशालीच्या ब्लाउजची बाही उसवायला घेतली.

ब्लाउजचं माप देताना बायका लई बोलतात, असं त्यांचं म्हणणं. हात वर केलेले, समोर आरसा, टेप फिरवणारी बाई ओळखीची. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही. गाणंही तसंच करायचं, आधी माप घ्यायचं, मग कापड कापायचं. आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि मापाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली.

पहिला नंबर फिरोजचा. "अपनी क्या स्टोरी, ताई," तो म्हणाला. "घरवालों ने ठहराया, हो गया."

"ठरल्यापासून लग्नापर्यंत किती दिवस?"

"आठ महिने."

"त्या आठ महिन्यांत काय केलं?"

फिरोज लाजला. त्याची बायको शबाना अजिंठ्याची. साखरपुड्यानंतर आठवड्यातून एक फोन करायची परवानगी होती, तीही तिच्या अब्बांच्या दुकानातल्या फोनवर आणि अब्बा समोर बसलेले असताना. मग दोघं बोलणार काय? फिरोज विचारायचा, तुमच्याकडं ढग आलेत का? ती म्हणायची, नाही, ऊन आहे. आठ महिने दोघांनी फक्त हवामानाची चर्चा केली. अब्बांना वाटलं, जावई शेतीत लक्ष घालणारा दिसतो.

शकूताई हसल्या नाहीत. त्यांनी तीन दिवस घेतले आणि वही पुढे केली:

तुमच्याकडं ढग आलेत का?
आमच्याकडं ऊन.
एवढंच बोलून बसलो दोघं
रिसीव्हर धरून.

मी त्याला चाल लावली. कॉलनीतल्या एका बारशात आम्ही ते गायलो तेव्हा शबाना पहिल्या रांगेत होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. घरी गेल्यावर तिने फिरोजला सांगितलं, एकदा खरंच ढग आले होते, पण अब्बा रागावतील म्हणून मी ऊन म्हणाले. ढग आल्याचं सांगण्यात अब्बांना रागवण्यासारखं काय होतं, हे फिरोजला अजून समजलेलं नाही. शकूताईंना लगेच समजलं. "ढग म्हटल्यावर तिचा आवाज बदलला असता," त्या म्हणाल्या.

मी शब्द लिहिले की त्या कापायला बसायच्या. "ढगळ झालं. इथं दोन बोटं दाब." "ही ओळ नुसती लेस हाय, धुतली की निघून जाणार." 'हृदय' हा शब्द त्यांनी आमच्या बँडमधून कायमचा हद्दपार केला. "छातीत दुखलं म्हण. नायतर डॉक्टरकडं जा."

मग माझा नंबर आला. ही गोष्ट मी मित्रांना अनेकदा सांगितली होती आणि ती मला चांगली पाठ होती. विद्यापीठात एम.एस्सी.ला असताना एक मुलगी होती. दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. मग तिला पुण्यात नोकरी लागली, ती गेली आणि मला विसरली. मी आवाज थोडा खाली आणून सांगितलं. वैशालीने सहानुभूतीने मान हलवली.

शकूताईंनी खडू खाली ठेवला. "ती गेली म्हणतोस. जायच्या आधी काय झालं?" मला त्या हाक 'सर' अशी मारायच्या आणि पुढे अरेतुरे करायच्या.

"काही नाही. घरच्यांचा विरोध होता."

"कुणाच्या घरच्यांचा?"

"तसा कुणाचाच नाही. म्हणजे, मी माझ्या घरी सांगितलंच नव्हतं."

"आन तिनं?"

तिने सांगितलं होतं. तिचे वडील म्हणाले होते, मुलाला रविवारी घरी बोलाव, बघू. मी येतो म्हणालो होतो.

"मग गेलास?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. "नाही," मी म्हणालो. "फोन बंद करून ठेवला. तीन दिवस."

"त्या रविवारी काय करत होतास घरी?"

"मॅच बघत होतो."

शकूताईंनी मला काही सुनावलं नाही. थर्मासमधून चहा ओतून कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, आता माप बरोबर लागलं." त्या गाण्याची सुरुवात त्यांनी अशी केली: 'फोन बंद होता, मॅच चालू होती.' चाल मी लावली, पण ते गायला माझा घसा तयार होईना. वैशालीही म्हणाली, हे माझ्या तोंडी शोभणार नाही. ते वहीतच राहिलं.

त्या वर्षी शेजारच्या सोसायटीने गणपतीत आमचा कार्यक्रम ठेवला. चार गाणी तयार होती, पाचवं हवं होतं. शकूताईंनी आयत्या वेळी एक आणून दिलं. एका मुलीचं, जी घरातून पळून जायला निघते, भोकरदनच्या स्टँडवर मुलाची वाट बघते आणि तो येत नाही.

दोन साड्या, एक लाटणं,
पिशवी मांडीवर.
नऊची गेली, अकराची गेली,
नजर फाट्यावर.

त्याच्याकडे लाटणं नसेल, मग पोळ्या कशा करणार, म्हणून मुलीने घरातलं लाटणं घेतलेलं. आम्ही तिघंही या गाण्यावर खूश होतो. हे कुणाचं, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हाय एक गिऱ्हाईक. गाव बदललंय, नाव नाय घेतलं. काय कळत नाय."

कार्यक्रमाला दोनेकशे माणसं होती. वैशालीने 'एक लाटणं' ही ओळ घेतली आणि तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ हळूच वळून शेजारी बसलेल्या आपल्या बायकोकडे बघायला लागले. बायको समोर बघत राहिली. टाळ्या जोरात पडल्या. त्या बाई उठल्या आणि बरोबर आलेल्या सुनेचा हात न धरता पायऱ्या उतरून गेल्या. मी मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या शकूताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या बाई म्हणजे लीलाबाई, शकूताईंच्या वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्याही सिल्लोडच्याच. नवरा साहेबराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते लाटणं लीलाबाईंनी पुढे लग्नातही बरोबर आणलं होतं आणि माहेरहून जुनं लाटणं आणणारी सून म्हणून सासूने त्यांची आयुष्यभर थट्टा केली होती. म्हणजे गाव बदलून आणि नाव गाळून काहीही उपयोग नव्हता. ज्याच्यापासून लपवायचं, नेमकं त्यालाच ओळख पटली होती.

दुसऱ्या दिवशी शकूताई त्यांच्या घरी गेल्या. सुनेने दारातूनच सांगितलं, आई झोपल्या आहेत. तिसऱ्या दिवशीही आई झोपल्या होत्या. पुढच्या दोन शनिवारी शकूताई वर आल्याच नाहीत. आम्ही खाली गेलो, तर मशीन बंद करून नुसत्या बसलेल्या. "तुम्हाला शिकवायली होते ना मी, माप घ्या म्हणून," त्या म्हणाल्या. "माप घेतलं मी. पण कापड तिचं होतं. न विचारता कापलं." फिरोज म्हणाला, ताई, गाणं तर चांगलं झालं. त्यावर त्या चिडल्या. "चांगलं झालं म्हणून तर लोकांच्या ध्यानात राहिलं. वाईट झालं असतं तर बरं होतं."

महिनाभराने लीलाबाई स्वतः दुकानात आल्या. मी शकूताईंना लाइटबिल भरून द्यायला तिथे बसलो होतो. मी उठून गेलो असतो, पण लीलाबाई दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"मला विचारायचं होतंस, शकू," त्या म्हणाल्या.

"व्हय. चुकलं माझं."

"मी नको म्हणाले असते."

"माहीत होतं. म्हणूनच नाय विचारलं."

लीलाबाई स्टुलावर बसल्या. साहेबरावांनी घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारला होता, कोण होता? त्यांनी सांगितलं, कापसाच्या अडतीवर कारकून होता. साहेबराव पंधरा दिवस कमी बोलले. सोळाव्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "मूर्ख होता तो." आणि पुढची पोळी मागितली.

"आणि दोन तास काय लिहिलंस?" लीलाबाई म्हणाल्या. "एकची गाडीसुद्धा गेली होती. चार तास बसले होते मी. शिवणक्लासला जाते सांगून निघाले होते. मग घरी येऊन जेवले. भूक लागली होती."

शकूताईंनी वही काढली. "हे लिहू का?" त्यांनी विचारलं. लीलाबाई म्हणाल्या, लिही. शकूताई डोळे पुसत लिहीत होत्या आणि लीलाबाई वाकून अक्षर तपासत होत्या.

त्या दिवसापासून नियम झाला: गाण्यात जो जो असेल त्याला विचारायचं. फिरोजने शबानाला विचारलं. तिने अब्बांनाही विचारायला लावलं. मग शकूताई माझ्याकडे वळल्या. "तू तिला विचारलंस?"

"ते गाणं आपण गातच नाही."

"तरी बी विचार."

मी महिनाभर टाळलं. तिचा नंबर मिळणं अवघड नव्हतं, एका मित्राकडे होता. शेवटी एका दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मी गाण्याचे शब्द पाठवले आणि खाली लिहिलं, हे खरं आहे, आजवर मी वेगळं सांगत आलो, गायचं की नाही ते तू ठरव. उत्तर चार दिवसांनी आलं. 'त्या रविवारी बाबांनी दोनदा पोहे गरम केले होते. तेही घालायचं असेल तर घाल. माझं नाव नको.' तिचं नाव इथेही लिहिलेलं नाही.

मी तो निरोप शकूताईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. पोह्यांची ओळ मात्र लिहायला नकार दिला. "ही तुझी तू लिही," त्या म्हणाल्या.

यंदा उन्हाळ्यात शकूताईंनी दुकान बंद केलं. उजवा खांदा धरला होता, कात्री चालत नव्हती, आणि मुलगी नागपूरला घेऊन जायला आली होती. निघायच्या आदल्या रविवारी लीलाबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर दिवाणखान्यात सतरंजीवर बसून आम्ही सगळी गाणी म्हटली. लाटण्याच्या गाण्याला साहेबराव मांडीवर ताल देत होते, फिरोजपेक्षा अर्धी मात्रा मागून. 'एकची गेली' आलं की लीलाबाई समाधानाने मान हलवायच्या. शेवटी मी माझं गाणं म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत. पोह्यांच्या ओळीवर आवाज फाटला. शकूताई वैशालीला म्हणाल्या, "सूर सुटला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा मी एकटाच हजर होतो, बाकीच्यांना कामं होती. मशीन मागच्या सीटवर दोरीने बांधलेली. मी खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "सांभाळून जा, ताई. पोचल्यावर फोन करा."

"हे तर कुणी बी म्हणतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं बोल की."

त्यांची मुलगी घड्याळ बघत होती. गाडी चालूच होती. मी म्हणालो, "तुम्ही नसता तर ती मला सोडून गेली असंच मी मरेपर्यंत सांगत राहिलो असतो. मला तुमची फार आठवण येणार आहे. शनिवारी तर फारच."

शकूताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झालेली होती. मग त्यांनी मुलीला चल म्हणून सांगितलं.