आप्पांची डिस्क आणि आमचे सल्लागार

नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मेलेल्या डिस्क मी एका खोक्यात टाकतो आणि त्यांचे किस्से डोक्यात. खोकं भंगारवाल्याला देता येतं, किस्से कुणी नेत नाही. एक मात्र बघून ठेवलंय. ज्याची डिस्क मेली, तोच सल्ला द्यायला सगळ्यांत पुढे!

*

सहा महिन्यांपूर्वी आप्पा आले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातनं रिटायर, इथं एकटेच राहतात. काकू गेल्या त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. काकूंचा शेंगाचटणी करतानाचा एक व्हिडिओ आप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरात होता. काकूंचा आवाज तेवढाच शिल्लक.

"त्याला धक्का लागायला नको. कॉपी ठेवायला घरी किती डिस्क लावू?" आप्पांनी विचारलं.

झालं! चहाला टेकलेल्या दोघांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

*

पहिले दिलीपराव. यांनी चार डिस्क जोडून एकच मोठी जागा केली होती. मी सांगत होतो, एक गेली की सगळं जाईल. ऐकतील तर दिलीपराव कसले! सहा महिन्यांत एक मेली आणि सगळे फोटो गेले.

"पण बाकीच्या तीन ठणठणीत हायत की!" हे वर मलाच सुनावलं.

*

दुसरे मास्तर. यांच्या दोन डिस्क, एकीवर जे असेल तेच आपोआप दुसरीवर. जागा कमी पडली म्हणून यांनी नातवाच्या मुंजीचे फोटो उडवले. का? तर "दुसरीवर असतीलच की!"

"मास्तर, आरशासमोर मिशी काढली तर आरशातली राहते का?"

मास्तरांनी खरंच मिशीवरनं हात फिरवला. चाळीस वर्षं शास्त्र शिकवलंय या माणसानं.

*

दिलीपराव पुढे सुधारले. तीन ठिकाणी कॉप्या ठेवल्या. तिन्ही ठिकाणं एकाच टेबलावर! दसऱ्याला यंत्रांची पूजा मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि नारळ तिथंच टेबलावर फोडला. पाणी थेट डिस्कच्या पेटीत. मशीन चालूच.

"बंद तरी करायचं!"

"बंद यंत्राची पूजा कोण करतं हो?"

मी पेटी उलटी केली तर वाटीभर पाणी निघालं. खोबरं यांनी घरीच खाल्लं होतं.

*

असल्या विद्वानांचं ऐकून आप्पांनी वही घातली. दोन डिस्क की चार? आरसा की वेगळी कॉपी? पानंच्या पानं भरली. मी दर आठवड्याला ओरडायचो, "आप्पा, आधी त्या व्हिडिओची एक कॉपी काढा! पेन ड्राइव्ह देतो, फुकट घ्या!"

"अर्धवट काम आपल्याला जमत न्हाय. एकदाच, पक्कं करायचं."

पाच महिने पक्कं चाललं होतं. सहाव्या महिन्यात आप्पा जुनी डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आले. मशीनला जोडून कानाशी धरली तर आत नुसतं टकटक. काही निघालं नाही. राग इतका आला होता, पण त्यांचं तोंड बघून गिळला. दिलीपराव म्हणाले, "चार घ्यायला पायजे होत्या." त्यांना मी दुकानाबाहेर काढलं.

*

तेवढ्यात महादेवीकाकू मोबाईलची काच बदलायला आल्या. वळसंगच्या, आप्पांच्या काकूंच्या भिशीतल्या. आप्पांना तसं बसलेलं बघून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"चटणीचा व्हिडिओ? मीच काढलेला की तो! तवाच भिशीत धाडलेला, बाराजणींच्या फोनात हाय. त्याच्यावर बघूनच कुटतो आमी."

फुटक्या काचेवर त्यांनी बोट फिरवलं. उखळाचा आवाज आला. बाजूला सुपात दाणे निवडत बसलेले आप्पा दिसले. मग काकूंचा आवाज, खणखणीत:

"अहो, एकेक दाणा काय बघत बसलाय? संध्याकाळ झाली! टाका की उखळात!"