खेकड्याच्या खोक्यातलं रक्त

कितादेसान बोलण्याआधी दातांतून हवा आत ओढतात, मग "माफ करा" म्हणतात, आणि त्यानंतर जमलं तर मुद्द्यावर येतात. त्यांची नक्कल मी त्यांच्या बायकोसमोरसुद्धा करते. "हवा अजून थोडी ओढ गं," त्या म्हणतात. "हे स्वतःच्या घरात शिरतानाही माफी मागतात."

पार्सल कंपनीची बर्फगाडी चालवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. आमचं हाशिदाते हे जपानातलं खेकड्यांचं बंदर. थंडीत त्यांच्या गाडीत दुसरं फारसं काही नसतं. त्यांनी कुणाशी आवाज चढवल्याचं इथे कुणाला आठवत नाही, डिसेंबरातली एक दुपार सोडली तर. त्या दुपारी गाडीत माझं रक्त होतं.

मी सात वर्षांची होते. ताप रोज संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा, आणि अंगभर पुरळ. आमच्या छोट्या हॉस्पिटलातल्या मियानो डॉक्टरांना आधी कावासाकी हा लहान मुलांचा तापाचा आजार वाटला. त्यावरचं औषध झालं, ताप हटला नाही. मग त्यांना सांध्यांच्या एका आजाराची शंका आली. तो बिथरला की शरीर स्वतःलाच जाळत सुटतं. वरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. फरक रक्तातल्या सायटोकाइनांत, म्हणजे पेशी ज्यांच्यामार्फत एकमेकींना निरोप धाडतात त्या पदार्थांत. एका आजारात त्यातला एक जास्त वाढतो, दुसऱ्यात वेगळाच एक आभाळाला भिडतो. ते मोजणार शहरातल्या विद्यापीठात, मियानो डॉक्टरांच्या गुरू ओकुमुरा सेन्सेई यांच्याकडे. तपासणी त्याच संध्याकाळी लागणार होती, पुढची एकदम सोमवारी. सोमवारपर्यंत मी टिकेन याची खात्री कुणी देत नव्हतं.

हॉस्पिटलातली खोकी संपली होती. नर्सने घरचं थर्माकोलचं खोकं आणलं, झाकणावर लाल खेकडा छापलेला. त्यात कोरडा बर्फ भरून नळी ठेवली, पाठवणारे मियानो, घेणार ओकुमुरा अशी चिठ्ठी डकवली आणि कितादेसानना हळूच सांगितलं, लहान मुलीचं रक्त आहे, वितळलं तर वाया.

वर्षअखेरीला जुने शिष्य गुरूंना खेकडे पाठवतातच. ओकुमुरा सेन्सेईंना ते खपत नसे. एकही भेट घ्यायची नाही, असं त्यांनी विद्यापीठात पार्सलं घेणाऱ्या खिडकीवरच्या तानिमोतोबाईंना बजावलं होतं. कितादेसान खोकं घेऊन पोचले तेव्हा बाईंनी झाकणावरचा खेकडा पाहिला, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या की भावना पोचल्या, खोकं मात्र घेता येणार नाही. कितादेसाननी ते पुन्हा पुढे केलं, मग आणखी एकदा. आमच्याकडे दोनदा नाही म्हणणं ही रीत असते, तिसऱ्यांदा घेतात. बाईंनी तिसऱ्यांदाही दोन्ही हातांनी परत सारलं.

मागे रांग होती. गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल, त्यातून कुणाच्या लेकराच्या दुखण्याबद्दल, चारचौघांत बोलायचं नसतं. कितादेसान वाकले, खोकं गाडीच्या बर्फकप्प्यात ठेवलं आणि 'परत' लिहिलेली चिकटपट्टी हातात घेतली. ती त्यांच्या अंगठ्यालाच चिकटली. तिथून ते खोकं घेऊन पुन्हा आत खिडकीशी आले.

"माफ करा," हे झालंच. पण पुढचं दाराबाहेर ऐकू गेलं. "यात खेकडा नाही. मुलीचं रक्त आहे. तुम्ही घेईपर्यंत मी इथून हलणार नाही."

रांगेतले लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. खोकं हातात घेत बाईंनी विचारलं, "मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तिसऱ्यांदा घ्याल, म्हणून थांबलो होतो."

संध्याकाळी आकडे आले. सांध्यांच्या आजारात वाढणारा पदार्थ अफाट चढला होता, दुसरा बेताचाच होता. माझं औषध त्याच रात्री बदललं. आता थंडीत गुडघे कुरकुरतात, एवढंच.

कितादेसानच्या मनात मात्र आवाज चढवल्याचंच राहिलं. पुढच्या आठवड्यात ते तांदळाच्या पापडीचा डबा घेऊन खिडकीशी गेले, हवा ओढली, माफी मागितली. तानिमोतोबाईंनी तो पहिल्याच वेळी घेतला आणि तिथेच झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं.