लंबू पाहुणा झाला तेव्हा

शंकासूर हे नाव त्याला कॉलेजच्या वसतिगृहात पडलं. खोलीतला साबण फार लवकर संपतो म्हणून त्यानं एकदा वडीवर टाचणीनं खूण करून ठेवली होती. साबण संपवणाऱ्या लंबूनंच मग त्याचं बारसं उरकलं.

पुढे पोटापाण्याचा उद्योगही स्वभावाला साजेसाच मिळाला. अपघात झालेल्या गाड्या विमा कंपनीच्या वतीनं तपासायच्या. गॅरेजात शिरला की तो आधी गाडीच्या मालकाकडे बघायचाच नाही. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक दारांवरून हळूहळू फिरवायचा. जिथं चुंबक धरत नाही तिथं रंगाखाली पोचा बुजवायला भरलेली जुनी पुट्टी. मालक शपथेवर सांगायचा, गाडी कालच ठोकली. आणि पत्रा सांगायचा, पूर्वीही कधीतरी ठोकली होती. शंकासुराचा विश्वास पत्र्यावर.

कॉलेजच्या ग्रुपवर वाढदिवसाला केकची चित्रं टाकणारे ढीगभर होते, पण खरोखर भेटणारे तिघंच. तो, लंबू आणि ताई. ताई वयानं मोठी नव्हती. ती दातांची डॉक्टर, दोघांना पहिल्यापासून दटावत आलेली, म्हणून ताई. तिघांनी एक रिवाज धरला होता. वर्षातून एकदा, आपापला संसार घरी ठेवून, एखाद्या राष्ट्रीय उद्यानात जायचं. दरवेळी नवं जंगल. 'एक जंगल दोनदा नाही' हा नियम लंबूचाच.

मग लंबूनं दोन वर्षं दांडी मारली. तो बँकेत अधिकारी होता, आणि दोन्ही वेळा ऑडिट आडवं आलं. तिसऱ्या वर्षी अचानक त्याचाच निरोप आला: "नदीकाठच्या जंगलात या. सगळी सोय मी केलीय."

नदीकाठच्या जंगलात ते कॉलेज संपल्या संपल्या जाऊन आले होते. शंकासुरानं निरोप पुन्हा पुन्हा वाचला. नियम मोडणारा नियम करणाराच. आणि सोय करतोय कोण, तर जो स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा कधी स्वतः भरत नसे तो!

"पाणी कुठंतरी मुरतंय," तो बायकोला म्हणाला.

"मित्र बोलावतोय तर जा की," ती म्हणाली. "गाडी तपासायला निघाल्यासारखं तोंड कशाला?"

उद्यानाच्या फाटकाशी लंबू उभा होता. त्यानं दोघांना मिठी मारली, ताईची बॅग उचलली. बॅग उचलताना त्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत हात रापून काळा झालेला आणि वर गोरा पट्टा.

"बँकेत हल्ली उन्हात बसवतात का रे?" शंकासुरानं विचारलं.

"टेनिस खेळतो," लंबू म्हणाला आणि पुढं चालू लागला.

टेनिस! टाचा झिजलेले जाडजूड बूट घालून?

विश्रामगृहात शिरल्यावर शंकासुराचे कान टवकारले ते उतरले नाहीत. जेवणघरातला वाढपी लंबूला बघून खुर्चीतून अर्धा उठला आणि काहीतरी आठवल्यासारखा परत बसला. कुठूनसा एक कुत्रा धावत आला आणि लंबूच्या पायांवर आडवा झाला. ताईच्या नळाला पाणी येईना, तर लंबू कुणालाही न विचारता मागच्या बाजूला गेला, एक फरशी उचलली, खालची तोटी फिरवली. पाणी आलं.

"तुला काय माहीत तोटी कुठंय ते?"

"अंदाजानं."

शंकासुरानं खोलीत येऊन हिशेब मांडला. लंबू इथं अनेकदा आलाय, आपल्याला न सांगता. एखादी बाई? पण मग आपल्याला कशाला बोलावेल? मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लंबूनं या विश्रामगृहात भागीदारी घेतली असणार. उद्या जेवण झाल्यावर नकाशा उलगडेल आणि म्हणेल, जंगलाला लागून मोक्याची जमीन आहे, तुम्ही माझे जिवाभावाचे म्हणून सांगतोय. 'म्हणजे आपल्या गळ्यात प्लॉट मारणार!' त्यानं पाकीट उशीखाली ठेवलं आणि ताक फुंकून पिणाऱ्याच्या सावधपणानं झोपला.

पहाटे जीपमधून निघाले. वाटेत झाड आडवं पडलं होतं. चालकानं ब्रेक मारला आणि वळून पाहिलं ते सोबतच्या वाटाड्याकडे नव्हे, लंबूकडे. लंबूनं मांडीवरची दोन बोटं जराशी डावीकडे हलवली. जीप डावीकडे वळली. पुढं उतारावर अस्वलाची मादी दोन पिलांना घेऊन निघालेली दिसली. ताई श्वास रोखून बघत राहिली. शंकासुराला अस्वल दिसलंच नाही. तो लंबूकडे बघत होता.

दुपारी डोकं दुखण्याचं निमित्त करून तो मागं राहिला. स्वयंपाक्याला सहज विचारावं तसं विचारलं, "आमचे मित्र नेहमी येत असतील ना इथं?"

"कोणते मित्र, साहेब?" स्वयंपाक्याचा चेहरा इतका भोळा झाला की शंकासुराची खात्रीच पटली.

तो इमारतीच्या मागं गेला. तिथं नोकरमाणसांच्या खोल्या. दोरीवर खाकी शर्ट वाळत होते. त्यातल्या दोन शर्टांच्या बाह्या इतक्या लांब की देवानं तेवढे लांब हात एकाच माणसाला दिले असतील. शेजारच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत खाट होती, आणि खाटेच्या पायथ्याशी ती लांबवायला जोडलेली फळी. हातच्या काकणाला आरसा कशाला!

संध्याकाळी तिघं ओसरीवर चहा घेत बसले होते. शंकासुरानं कप खाली ठेवला.

"बँकेला कधी रामराम ठोकलास?"

उत्तर दिलं ते ताईनं.

"झालं समाधान? दोन दिवस शिंक्याखाली बसलेल्या बोक्यासारखा टपून होतास."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

अस्वल निसटलं त्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. "आणि मी कोण? परका?"

"ऐक," लंबू म्हणाला. "एका सकाळी बँकेच्या दारापर्यंत गेलो आणि आत पायच पडेना. समोरच्या बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. घरी सांगायचो, कामावर जातोय. किती दिवस असे काढले कुणास ठाऊक. शेवटी ताईला फोन केला. तिनं उपचाराला नेलं. बरा झालो, पण त्या दारात परत जायचं नव्हतं. इथं माणूस हवा होता. कुंपण बघायचं, पाणवठ्यांचे पंप चालू ठेवायचे, पाहुण्यांची व्यवस्था लावायची. आलो. बायको सुट्टीला येऊन राहते."

"मग मला का नाही सांगितलंस? नाटक कशाला? तो वाढपी, तो स्वयंपाकी..."

"सांगणार होतो. मी सांगेपर्यंत गप्प राहा, एवढंच त्यांना बजावलं होतं. या वेळी सांगायचं म्हणूनच बोलावलं. तू आलास, फाटकातच माझा हात निरखायला लागलास, आणि माझा धीर गेला." लंबूनं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला म्हणालो असतो, आत पाय पडेना. तू म्हणाला असतास, ते ठीक, पण खरं कारण सांग. आणि माझ्याकडे दुसरं कारणच नाही रे."

शंकासुराच्या ओठांवर तेच शब्द आले होते. 'खरं कारण सांग.' त्यानं दात आवळून ते गिळले आणि उठून खोलीत गेला. बॅग भरली. मित्र म्हणवणाऱ्या दोघांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलं, हे काही केल्या पचेना. पण फाटकातून बाहेर जाणारी गाडी सकाळीच मिळणार होती.

सकाळी दारावर टकटक झाली. लंबू खाकी शर्टात, खांद्यावर पान्ह्यांची पिशवी. "वरच्या पाणवठ्याचा पंप रुसलाय. येतोस?"

बॅग खाटेवर भरलेली होती. शंकासुरानं तिच्याकडे पाहिलं आणि बूट चढवले.

पाणवठ्यापाशी लंबूनं पंपाचं झाकण उघडलं, जाळीत अडकलेला पाला काढला. शंकासूर पान्हे एकेक देत राहिला. पंपानं उचकी दिल्यासारखा आवाज केला आणि पाणी उसळलं.

"आता लांब जाऊन बसू," लंबू हळूच म्हणाला. झुडपामागं दोघं खांद्याला खांदा लावून बसले.

शंकासुराच्या मनातली शंका गेली होती असं नाही. बँकेनं याला काढलं तर नसेल? काही भानगड तर नसेल? प्रश्न येत होते, तो त्यांना आत थोपवत होता. गाडी असती तर चुंबक फिरवला असता. इथं माणूस होता, शेजारी श्वास घेणारा, आणि आपण आत्ता विचारलं तर हा पुन्हा दोन वर्षं ऑडिटमध्ये जाऊन बसेल, एवढं त्याला कळत होतं.

"पंपाला रोज यावं लागतं का?" त्यानं विचारलं.

"वारा सुटला की रोज," लंबू म्हणाला. मग पंपाबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला, कॉलेजात बोलायचा तसा, हातवारे करत. मध्येच गप्प झाला आणि शंकासुराच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पलीकडच्या गवतातून हरणांचा कळप बाहेर आला होता. पुढची मादी थबकली, मान उंचावून तिनं वारा हुंगला, झुडपाकडे रोखून पाहिलं. दोघं हलले नाहीत. बऱ्याच वेळानं तिनं मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागली.