काकूंची पापं
औषधाच्या दुकानात निलगिरीच्या तेलाचा वास आला की बेलापूरच्या आमच्या पहिल्या फ्लॅटसमोरच्या काकू आठवतात. ते नवरा-बायको निलगिरीच्या डोंगरातले बडगा लोक. घरात बडगाच बोलायचे, आणि सबंध सोसायटीत ती भाषा त्या दोघांपुरतीच होती. ऐंशी सालानंतर कधीतरी काकू गेल्या. त्या सकाळी खाडीचा खारट वारा जिन्यात घुमत होता. काकांनी आम्हा शेजाऱ्यांना हात जोडले. "आमच्यात गेलेल्या माणसाची पापं मोठ्याने बोलतात. गाव 'पाप' म्हणतं, मग ती सुटतात. इथे माझं गाव तुम्हीच." ते बडगात एकेक ओळ म्हणू लागले. आम्हाला अर्थ कळत नव्हता, तरी सगळे "पाप" म्हणत होते. सासूबाई तेवढ्या गप्प. शेवटी त्या पुटपुटल्या, "त्या बाईनं कधी मुंगी मारली नाही. काय केलं ते न कळता पाप कसं म्हणू?" ते ऐकून बाकीचेही थांबले. काकांनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मग स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "पाप." सासूबाई चुकल्या असं मला आजही म्हणवत नाही. पण गावाच्या वाटचं उत्तर एकट्या नवऱ्याने दिलं, तेवढ्यावर काकू सुटल्या असतील का?