शेवटच्या पिढीतल्या सासूबाई

जगाच्या शेवटी जी पिढी उठणार आहे, तिच्यात माझ्या सासूबाईंचा नंबर लागला तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले होते.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. नवऱ्याला चेन्नईजवळ ओरगडमच्या ट्रक कारखान्यात नोकरी लागली, मी बँकेतून बदली मागून घेतली आणि अण्णा नगरमध्ये भाड्याचं घर केलं. सासरे गेल्यावर सासूबाईही आमच्याकडे आल्या. चेन्नईत आमची ओळख करून देणं हे एक कामच आहे. मराठी म्हटलं की लोक आम्हाला हिंदू धरतात आणि ख्रिश्चन म्हटलं की मल्याळी. वरच्या मजल्यावर राहणारी आमची घरमालकीण मूळ तंजावरकडची मराठी. तिने तर पहिल्या दिवशी अत्यंत जुन्या, गोड मराठीत देवघर कुठे करणार म्हणून विचारलं, आणि भिंतीवरचा क्रूस पाहून, “हे बरं, जागा कमी लागते,” म्हणाली.

सासूबाईंनी चाळीसेक वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. त्यांचं इंग्रजी दवाखान्यातलं. जीभ दाखवा, श्वास धरा, नातेवाईक बाहेर थांबा. पण प्रवचन समजायला ते पुरायचं. बँकेतल्या एका सहकारिणीने आम्हाला तिच्या चर्चला नेलं. फर्निचरच्या दुकानाच्या वर मोठा हॉल, गारेगार एसी, ड्रम, कीबोर्ड आणि गाणं चढलं की स्टेजवर धूर सोडणारं मशीन. गावाकडे आमचे पाळकसाहेब पेटी आणि टाळांवर भजन घ्यायचे आणि लाइट गेली तर खिशातली मेणबत्ती काढायचे. सासूबाईंना हे धुराचं प्रकरण झेपणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्या रमल्या. मी त्याचं श्रेय एसीला दिलं.

इथले पास्टर पस्तिशीच्या अलीकडचे. पांढरेशुभ्र बूट, दाढी कोरलेली. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, की आदामापासून आजपर्यंत झाली नाही अशी पिढी आता उठते आहे. हे सैन्य थकणार नाही. रोग त्यांना शिवणार नाही. भिंत आडवी आली तर ते भिंतीतून पलीकडे जातील. प्रेषितांनी केलेले चमत्कार यांच्यापुढे बालवाडी ठरतील. हॉल टाळ्यांनी दुमदुमला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “वयोमर्यादा तेरा ते पस्तीस. नावनोंदणी मागच्या टेबलावर.” ईसीआरवर, म्हणजे किनाऱ्याच्या हायवेवर, समुद्राजवळ शिबिर होतं आणि अभिषेक द्यायला परदेशातून नव्हे, पण परदेशात जाऊन आलेले एक संदेष्टे येणार होते.

“सुटलो,” माझा नवरा कानात म्हणाला. “मला सोमवारी पहाटेची शिफ्ट आहे.”

सासूबाई मात्र सुटल्या नव्हत्या. चहाच्या वेळी त्यांनी पास्टरांना गाठलं.

“पास्टर, पस्तीसच का?”

“अम्मा, ही तरुणांची पिढी आहे. म्हाताऱ्यांसाठी शास्त्रात स्वप्नं ठेवलीत.”

“स्वप्नं मला पडतात. झोपेची गोळी घेतली की जास्तच पडतात. मला काम पाहिजे.”

“तुम्ही तर या सैन्याच्या आई आहात. सैन्याला आधार लागतो ना!”

आधार म्हणजे काय ते शिबिरात कळलं. आधार म्हणजे स्वयंपाकघर. पस्तिशीच्या पुढच्या सगळ्या बायका एका पत्र्याच्या शेडखाली कांदे चिरत बसल्या होत्या. सासूबाईंना एकटं कसं पाठवायचं म्हणून मीही गेले होते, त्यामुळे माझ्याही हातात सुरी आली. सगळ्यांना काळे टी-शर्ट दिले होते, छातीवर ज्वाळा आणि ‘शेवटचं सैन्य’ अशी इंग्रजी अक्षरं. सासूबाईंच्या वाट्याला उरलेला सगळ्यात मोठा आला. तो त्यांनी साडीवरून चढवला आणि पदर बाहेर काढून वर नीट पिन केला. तिकडे हॉलमध्ये भिंतीतून जाणारी पिढी नाश्त्याला बसली आणि थोड्या वेळात उपमा गार आहे म्हणून अर्धं पातेलं परत आलं.

“ह्यांना आग उतरायच्या आधी उपमा गरम लागतो,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांनी तो गरम करून दिला.

दुपारी अभिषेक सुरू झाला. संदेष्टे मोठे देखणे, केसांना तेल, कॉलरला छोटा माइक. ते रांगेतल्या प्रत्येकाच्या कपाळावर तळवा ठेवून “फायर!” म्हणायचे आणि तो माणूस मागे कोसळायचा. मागे दोन धिप्पाड कार्यकर्ते झेलायला उभे. एक बाई पडलेल्या मुलींच्या अंगावर चादर टाकायची. बघता बघता हॉलची अवस्था लग्नघरातल्या दुपारसारखी झाली, जिकडेतिकडे माणसं आडवी. मी दारातून बघत होते. शेजारी सासूबाई होत्या असं मला वाटत होतं, पण वळले तर त्या नव्हत्या. त्या रांगेत होत्या, कांद्याच्या हातांनी, कॉलेजच्या दोन मुलांच्या मध्ये.

त्यांची पाळी आली. संदेष्ट्यांनी पांढरे केस पाहिले, क्षणभर थबकले आणि तळवा ठेवला.

“फायर!”

सासूबाई उभ्या.

“फायर, अम्मा!”

झेलणारे एक पाऊल पुढे आले. सासूबाई हलल्या नाहीत. संदेष्टे खाली वाकून हळूच म्हणाले, “अम्मा, अंग सोडा.” पण माइक चालू होता.

“गुडघे बदललेत, बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “पडले तर माझ्या मुलाला रजा काढावी लागेल.”

हॉलमध्ये हशा झाला. आडवे पडलेले काही जण डोळे उघडून बघायला लागले. संदेष्ट्यांनी तिसऱ्यांदा तळवा ठेवला आणि या वेळी थोडा जोर लावला, हे मी खात्रीने सांगते. पण भ्रमातल्या रोग्यांना खाटेवर दाबून धरण्यात त्या बाईची उमर गेलेली. त्यांनी पाय रोवले. एक पाऊल मागे गेलं ते संदेष्ट्यांचं.

 कीबोर्डवाल्याने बोटं उचलली. संदेष्ट्यांनी डोळे मिटले, आणि मला त्या माणसाचं आजही कौतुक वाटतं, त्यांनी हात आकाशाकडे फेकून आरोळी ठोकली, “हीच ती! हीच न पडणारी पिढी! देव वय बघत नाही!” ड्रम वाजले. सासूबाईंचं सैन्यात नाव लागलं.

पुढच्या रविवारी प्रार्थनेला गेलेल्यांपैकी एकही जण पडला नाही. सगळे ताठ. झेलणारे दोघं रिकामे हात पसरून बस न येणाऱ्या स्टॉपवर उभे असल्यासारखे दिसत होते. पास्टरांनी ‘उभं राहणे’ या विषयावर दीड तास प्रवचन दिलं आणि आम्ही ते बसून ऐकलं.

मग आमच्या घरी माणसं येऊ लागली. कुणाची पाठ, कुणाची नोकरी, कुणाचा व्हिसा. सासूबाई सगळ्यांसाठी मराठीत प्रार्थना करायच्या, कारण इंग्रजीत त्यांना दवाखान्याबाहेरचं काही मागता येत नसे. लोकांना वाटायचं ही अन्य भाषा स्वर्गातून आली आहे. एका गृहस्थांनी “वाणी सुंदर आहे” म्हटलं, तेव्हा घरमालकीण जिन्यातून म्हणाली, “ते मराठी आहे, मलाही कळतंय.”

अशातच एक मुलगी आली. सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिरुनेलवेलीकडची, शिबिरात तिने सासूबाईंच्या थोडं आधी अभिषेक घेतला होता. दार उघडलं तर तिने माझ्याकडे न बघता चपलांच्या कपाटाला “स्तोत्रम्” म्हणून नमस्कार केला. बाहेर स्कूटर उभी होती.

“तुझा चष्मा कुठे आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“काढला, पाट्टी. या पिढीला शरीराची उणीव राहणार नाही ना.” पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

“किती नंबर?”

“उणे सहा.”

“आणि स्कूटरवर आलीस?”

“हळू आले,” ती म्हणाली. तिला दृष्टी यावी म्हणून प्रार्थना हवी होती.

मला वाटलं सासूबाई रागावतील. त्यांनी तिला जवळ बसवलं, तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि प्रार्थना केली. लांबलचक, अगदी मनापासून. त्यांचा आवाज मध्येच कापला, आणि मी जे किचनमध्ये भांडी उगाच इकडची तिकडे करत होते ते थांबवलं. हात काढल्यावर मुलीने कॅलेंडरकडे बघितलं, डोळे बारीक केले.

“काही नाही,” ती म्हणाली.

“उद्या चष्मा घालून कामावर जा,” सासूबाई म्हणाल्या. स्कूटर त्या दिवशी आमच्याकडेच राहिली. मी मुलीला रिक्षात बसवून दिलं.

दोन रविवारांनी पास्टरांनी साक्षी मागितल्या, तेव्हा ती मुलगी स्टेजवर गेली. चष्मा नव्हता. माइक हातात घेऊन ती म्हणाली, “मी आता चष्मा लावत नाही.”

एवढ्यावरच हॉल उभा राहिला. ड्रम, कीबोर्ड, धूर. मुलगी हात हलवत होती, थांबा, थांबा. ती पुढचं वाक्य म्हणाली, ते आम्हाला पहिल्या रांगेत ऐकू आलं, “मी लेन्स लावल्यात, मला एवढंच सांगायचंय, की माझे डोळे बरे झाले नाहीत.” पास्टरांनाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी हसत हसत तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि गाणं सुरू केलं.

मुलगी खाली उतरली आणि जिन्यात जाऊन रडायला लागली. सासूबाई तिच्यामागे गेल्या आणि मी त्यांच्यामागे. फर्निचरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी बसलो.

“माझा विश्वास कमी पडला का, पाट्टी?”

सासूबाईंनी मला इंग्रजी करून सांगायची खूण केली. मग म्हणाल्या, “वॉर्डात मी खूप जणांसाठी प्रार्थना केली. लहान मुलांसाठीसुद्धा. काही जगली, काही गेली. जी जगली ती कशाने, हे मला कधी कळलं नाही. डॉक्टर म्हणायचे औषधाने, पाळक म्हणायचे प्रार्थनेने. मरायच्या आधी एकदा तरी नक्की बघावं, हाताखाली काहीतरी होताना, म्हणून मी त्या रांगेत गेले. तुझ्या डोळ्यांवर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, आज होईल.”

मुलगी रडायची थांबली. “मग झालं नाही तेव्हा?”

“वाईट वाटलं. लाज वाटली नाही.”

त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका घरात काढूनही मला हे ठाऊक नव्हतं. मी एसीचं कारण धरून बसले होते.

संध्याकाळपर्यंत मुलीच्या साक्षीचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. तो पहिल्या वाक्यावरच संपत होता. तिच्या आईचा गावाहून आनंदाने फोन आला. मुलीने अर्धा तास समजावलं, की अम्मा, लेन्स आहेत, दुकानातून आणल्यात. आई म्हणाली, “दुकान कुणी दिलं? देवानेच ना.” मुलीने फोन ठेवला.

सासूबाईंनी पास्टरांना घरी बोलावून घेतलं. ते आले, चहा घेतला, पण सोफ्यावर बसेनात. उभ्यानेच म्हणाले, “अम्मा, त्या व्हिडिओमुळे किती नवीन लोक आले माहीत आहे?”

“ती पोरगी खरं बोलली होती. तुम्ही ते अर्धं कापलंत. काढून टाका.”

“तसं केलं तर लोक काय म्हणतील?”

“आधी बसा तरी.”

“बसता येत नाही,” असं ते बोलून गेले, आणि चेहरा पडला. मग त्यांनी शर्ट थोडा वर केला. आत कमरेला रुंद पट्टा होता. तीन तास उभं राहून उपदेश, वर स्टेजवर उड्या. रोज दोन गोळ्या घेत होते. “बायकोशिवाय कुणाला माहीत नाही, अम्मा. मी कसं सांगू? मीच म्हणतो या पिढीला रोग शिवणार नाही.”

हसू आलं असतं, पण तो माणूस खरोखरच घाबरलेला होता.

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. व्यायाम सांगितलेत. घरी मुलं बघतात, चर्चमध्ये लोक बघतात. कुठे करू?”

सासूबाईंनी मला चटई घालायला सांगितली. व्हिडिओ पास्टरांनी तिथेच, आमच्यासमोर काढून टाकला. त्यानंतर दर बुधवारी दुपारी ते येत. पांढरे बूट दारात काढून आमच्या हॉलमध्ये पाठीवर आडवे होत आणि गुडघे छातीशी घेत. सासूबाई खुर्चीत बसून मराठीत आकडे मोजत. शेवटी त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करत, तीही मराठीतच. एकही शब्द न कळता पास्टर खालून मोठ्याने आमेन म्हणत, आणि घरमालकीण वरून ओरडत असे, “अहो, अजून संपली नाही प्रार्थना!”