अण्णांचा अंगठा आणि जपानी पटाशा

सुताराच्या कारखान्यात भुसा आणि किस्से सारखेच साठतात. भुसा निदान संध्याकाळी झाडता येतो! कोल्हापूरच्या आमच्या कारखान्यातले निम्मे किस्से एकट्या अण्णांचे. अण्णा आमचे हेडमिस्त्री, आणि जुन्या पटाशीची पारख करावी तर त्यांनीच.

*

नव्वदच्या दशकात भंगारवाल्या रशीदभाईंकडे पोतंभर जपानी पटाशा आल्या. गंजलेल्या, भंगाराच्या भावात. प्रत्येकीची पाठ खोलगट.

"झिजल्यात सगळ्या!" आम्ही म्हटलं.

अण्णांनी एकीची धार दगडावर दोनदा घासली. गंजाखालून बारीक रेघ उमटली. "रेघंच्या वर मऊ लोखंड, खाली कडक पोलाद. आन् पाठ झिजल्याली न्हाय, धार लावाय सोपं जावं म्हणून मुद्दाम खोलगट केलीया. उचला पोतं!"

*

दत्ता आमच्यातला सगळ्यात कष्टाळू सुतार. त्यानं त्यातली एक नंबरची पटाशी दिवसभर ग्राइंडरवर धरून पाठ सपाट केली, आणि ऐटीत अण्णांपुढं ठेवली. "खड्डा काढला बघा!"

अण्णा ग्राइंडरवर तापून निळ्या पडलेल्या धारेकडं बघत राहिले. "खड्डा न्हाय, दत्त्या, जीव काढलास तिचा. आजपास्नं माझ्या पेटीला हात लावायचा न्हाय."

अण्णांच्या पेटीत फक्त निवडक हत्यारं असायची. दत्ता दोन दिवस धड जेवला नाही.

*

एकदा मी साध्या पटाशीवर पेन्सिलनं रेघ ओढून अण्णांना दिली. त्यांनी थुंकी लावून अंगठा फिरवला, रेघ गायब!

"हात चांगला हाय की तुजा. रांगोळीच्या स्पर्धेत नाव घाल!"

*

पुण्याचे एक हौशी गृहस्थ कलेक्शनसाठी आले. जपानी अक्षरं कोरलेली झकपक पटाशी त्यांनी पसंत केली.

"पावणं, नाव वाचून नवरी ठरवताय व्हय?" अण्णांनी बिनअक्षरांची, गंजकी उचलली.

दोन्ही बाभळीच्या गाठीवर चालवल्या. पाहुण्यांच्या धारेचा टवका उडाला, अण्णांची गाठ कापून पलीकडं! पाहुणे गंजकीच मागायला लागले.

"च्या प्या. पटाशी न्हाय मिळायची!"

आमची छाती तेव्हा अशी फुगली होती म्हणून सांगू!

*

पुढं अण्णांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन, दुसरा अंधूक. "आता संपली पारख," असं लोक बोलायला लागले. ते ऐकून अण्णाच म्हणाले, "मांडा पटाशा!"

आम्ही सहा मांडल्या. सहावी दत्तानं हळूच सरकवली होती, स्वतः घडवलेली. कित्येक वर्षं तो दर रविवारी गारगोटी गावच्या एका लोहाराकडं जाऊन मऊ लोखंडावर जुन्या कानशीचं पोलाद बसवायला शिकत होता. हे फक्त मला ठाऊक.

अण्णांचा अंगठा पाच पाठींवरून फिरला. "जपानी. जपानी..." पाचही जपानी.

सहावीवर अंगठा थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला.

"ही जपानी न्हाय."

दत्तानं मान खाली घातली, ते अण्णांच्या बऱ्या डोळ्यातनं सुटलं नाही.

अण्णांनी ती पटाशी काही हातातून खाली ठेवली नाही. "दत्त्या," ते म्हणाले, "माझी पेटी उघड."